उलांडीवरची पिवळी रेघ

साऱ्या पिंपरी-चिंचवडात पाण्यावर माझ्या साडूंइतका विश्वास असलेला दुसरा माणूस सापडायचा नाही. आमच्या मोशीत पाण्याचा टँकर आला की लोक बादल्या काढतात. साडू आधी वारा कुठून येतोय ते बघतात. समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे हे त्यांचं हवामान खातं. "आज मस्त वारा आहे हो, तिसऱ्या मजल्यावरची चादर बघा," असं ते मला लिफ्टच्या दाराशी, चारचौघांत सांगायचे आणि मी आपला मोबाइलमध्ये डोकं खुपसायचो. चादर नुसती चादर नव्हती, त्या चादरीमागे एक बाईही उभी असायची आणि ती आमच्याकडे बघत असायची.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे मालवणकडचे, पण नोकरीसाठी घाट चढून आले त्याला आता वीस वर्षं झाली. चाकणच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात आहेत. मी महाळुंग्याला दुसऱ्या एका कंपनीत, असेंब्ली लाइनवर सुपरवायझर. आमचा दोघांचा धंदा तसा एकच, वस्तू एकमेकींना जोडायच्या. फक्त मी नट-बोल्टवाला आणि ते दोरवाले. त्यांच्या घरात स्क्रू म्हणून दिसायचा नाही. मांडणी दोराला, कुंड्या दोराला, गॅसच्या शेगडीमागचा पत्रासुद्धा दोराला. पहिल्यांदा त्यांच्याकडे चहा प्यायलो तेव्हा डोक्यावरची मांडणी डुलताना बघून मी कपासकट बाजूला सरकलो. "घाबरू नका," साडू म्हणाले. "डुलते म्हणून तर पडत नाही." आणि मग, मनापासून काही सांगायचं असलं की ते गावच्या बोलीत जातात तसे जाऊन म्हणाले, "जोड हलूक व्हयो. हललो नाय तर मोडतलो." मी आयुष्यभर हलणारे जोड रिजेक्ट करून पगार घेतलेला माणूस. मला त्या वाक्याचं इतकं हसू आलं की दुसऱ्या दिवशी मी ते शिफ्टमधल्या पोरांना नक्कल करून ऐकवलं. त्या नकलेची आज आठवण झाली की कानशिलं तापतात.

तर या माणसाने आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या स्कूटरच्या जागेत, होडी बांधायला घेतली. स्कूटर बाहेर रस्त्यावर उन्हात आणि होडी आत सावलीत. भंगारात निघालेल्या लाकडी पॅलेटच्या फळ्या त्यांनी रीतसर विकत घेऊन, रंधून, कागदासारख्या गुळगुळीत केल्या. होडी इतकी अरुंद की बसलेल्या माणसाला खिशातला रुमाल काढायचा तर आधी श्वास सोडावा लागे. अशी होडी एकटी पाण्यात उभी राहत नाही. तिच्या कडेला थोड्या अंतरावर दोन आडव्या दांड्यांना बांधलेला एक तरंगता ओंडका लागतो, त्याला कोकणात उलांडी म्हणतात. साडूंनी ओंडक्याऐवजी दोन्ही टोकं बंद केलेला प्लंबिंगचा जाडजूड पाइप घेतला आणि दांडे बांबूचे केले. शिडाला कापड परवडेना म्हणून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक जुना फ्लेक्स आणला. शीड उभं केलं की कुणीतरी भाऊ हात जोडून, कपाळापासून पोटापर्यंत हसत, अख्ख्या पार्किंगला नमस्कार करायचे. येणारे-जाणारे थांबायचे आणि एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला विचारलंच, "ते तुमचे नातेवाईक ना?" मी म्हटलं, "हो, म्हणजे... लांबचे." साडू चार हातांच्या अंतरावर बसून दोर वळत होते. त्यांनी मान वर केली नाही, त्यामुळे ऐकू गेलं असणार.

पण हा सगळा खटाटोप नुसत्या हौसेचा नव्हता, तो आमच्या सासूबाईंसाठी होता. सासूबाईंना दोन जावई, आणि त्यांच्या तराजूत दोन्ही पारडी कधी सारखी नव्हती. मी सुपरवायझर, कमी बोलणारा, म्हणून हुशार. साडू म्हणजे "आमचे थोरले जावई, स्वभावाने चांगले आहेत हो," आणि पुढे एक लांब सुस्कारा. त्यांनी बांधलेला पाळणा डुलला म्हणून सासूबाईंनी तो नातवाच्या बारशाला वापरू दिला नव्हता, भाड्याने लोखंडी आणला होता. साडूंनी पाळणा सोडून दोर गुंडाळून ठेवला. पण होडीच्या फळ्या रंधताना एकदा मला म्हणाले, "साडूभाऊ, आईंना एकदा हिच्यात बसवून फिरवून आणायचं आहे. एकदा त्यांनी म्हणावं, थोरल्यांच्या हातचं काहीतरी धड झालं. बास." हे ऐकून मला गलबलून आलं होतं, हेही खरं आहे. पुढे जे केलं त्यात तो कळवळाही होताच, पण तेवढाच नव्हता.

चाकणच्या पुढे धरणाकाठी माझ्या एका सहकाऱ्याचं गाव आहे. एका रविवारी होडी टेम्पोत घालून आम्ही तिथे नेली. त्याचे वडील काठावर गुरांना पाणी पाजायला आले होते, त्यांनी होडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "पाव्हणं, ह्ये पान्यावर चालायचं हाय का शेतात?" साडूंनी हसत हसत तासभर खपून दांडे होडीच्या दोन्ही काठांना बांधले. प्रत्येक गाठ मारून झाली की तिच्यात बोट सारून बघायचे. बोट गेलं की मान डोलवायचे. मग सासूबाईंची गाडी वर रस्त्यावर आली, आणि उतार दगडधोंड्यांचा, म्हणून साडू त्यांना हात द्यायला वर गेले. मी होडीपाशी एकटा उरलो.

मी दांडा धरून हलवून बघितला, तर तो हलला. आता या हलणाऱ्या वस्तूत सासूबाई बसणार, आणि काही झालं तर सुपरवायझर जावई शेजारी उभा असताना झालं असं होणार. माझ्या गाडीत बॅटरीवरचं ड्रिल असतं, पाना असतो, स्टीलचे बोल्ट असतात, सवयच आहे. दहा मिनिटांत मी चारही जोडांत भोकं पाडली, बोल्ट घातले, खालून नट आवळले. वरून दोर तसाच, कुणाला कळायचं कारण नाही. दांडा आता तसूभर हलेना. मनात म्हटलं, आता झालं काम. साडूंची अब्रू आपण वाचवली, हा विचार करून मला फार बरं वाटलं.

सासूबाईंनी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि सांगितलं, "आधी तुम्ही एकटे जाऊन या. मग मी." साडू बसले, शीड ओढलं, वारा भरला, आणि ते फ्लेक्सवरचे भाऊ नमस्कार करत करत खरोखर पाण्यावरून निघाले. मी होडी चालताना पहिल्यांदाच बघत होतो. साडू पार्किंगमध्ये दिसायचे तसे दिसतच नव्हते. पाठ ताठ, एक हात दोरावर, चेहरा वाऱ्याकडे. सासूबाई नकळत म्हणाल्या, "अगं बाई, जमलं की यांना!" माझी मेहुणी तर रडायलाच लागली. होडी वळून परत येऊ लागली तसा वारा वाढला, उलांडी एका लाटेवर उचलली गेली, आणि कडाड असा आवाज आला. मग दुसरा. पाइप एकीकडे, होडी दुसरीकडे. ती सावकाश कलंडली आणि भाऊ पाण्यावर तोंड वर करून हसत पसरले.

पाणी तिथे छातीएवढंच होतं. साडू मोडके दांडे ओढत काठाला आले. बांबू नेमके माझ्या भोकांपाशी उभे चिरले होते. त्यांनी एक दांडा उलटा केला आणि थांबले. खाली नट होता, आणि नटावर पिवळी रेघ. आमच्या लाइनवर बोल्ट नेमका आवळून झाला की त्यावर मार्करने रेघ मारायची असते, तपासणाऱ्याला कळावं म्हणून. माझ्या खिशात तो मार्कर रविवारीही असतो. मी चारही नटांवर रेघा मारल्या होत्या. त्या क्षणापर्यंत मला त्याचा पत्ताही नव्हता.

साडूंनी माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. तोवर सासूबाई पदर सावरत खाली येतच होत्या. साडू वाकले, ओला चिखल उचलला आणि चारही नटांवर एकेक गोळा लिंपला.

"मी म्हटलं नव्हतं?" सासूबाई माझ्याकडे हात करत म्हणाल्या. "अहो, यांना विचारायचं होतं आधी. यांचं रोजचं काम आहे हे."

"माझंच चुकलं, आई," साडू म्हणाले. "बांधणी कच्ची राहिली."

आणि मी? मी "हं" म्हणालो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लाजिरवाणा शब्द.

त्यानंतर ती कथा घरातल्या प्रत्येक कार्यात झाली. सासूबाई सांगायच्या, सगळे हसायचे, साडूही हसायचे आणि मी पाण्याचा पेला शोधायचो. शेवटी गेल्या संक्रांतीला राहवलं नाही. भरल्या घरात मी म्हणालो, "आई, ती होडी मी मोडली. बोल्ट मी घातले होते." मग सासूबाईंचे डोळे भरून आले. "बघा," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "दुसऱ्याचा दोष अंगावर घ्यायलाही मन लागतं. काय माणूस आहे!" मी "नाही हो, खरंच" म्हणत राहिलो आणि त्यांनी माझ्या हातावर आणखी एक तिळगूळ ठेवला. कोपऱ्यातून साडू म्हणाले, "घ्या साडूभाऊ. आता सुटका नाही."

निघताना जिन्यात त्यांनी मला हातभर दोर दिला. मे महिन्यात गावी जाऊन पुन्हा होडी बांधणार आहेत, यावेळी खऱ्या समुद्रात. "दांडे तुम्ही बांधायचे," म्हणाले. मी "मी?" म्हटलं, तर म्हणाले, "मग कोण? लांबचे नातेवाईक?" आणि खांद्यावर हात ठेवून हसले.

तेव्हापासून शिफ्टवरून आलो की मी खुर्चीच्या पायाला झाडूचा दांडा बांधतो. बायको बघते आणि केर काढायला दुसरा झाडू आणते. गाठ मारून झाली की बोट सारून बघतो. अजून जात नाही.