हात न लावलेलं जग

आमचे हे स्वतःचं जग तयार करताहेत, हे मला कुकरची रिंग बसवून घ्यायला गॅलरीत गेले तेव्हा कळलं. रिंग सैल झाली होती, वाफ सुटत होती, आणि असली कामं आमच्याकडे यांचीच. तळोज्याच्या कारखान्यात बॉयलरवर नोकरी केलेला माणूस, घरात कुठे वाफ गळली तर यांना चैन पडत नाही. त्या दिवशी मात्र हे खुर्चीवर ताठ बसले होते, डोळे मिटून. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा म्हणाले, "थांब जरा. नदीचा काठ करतोय."

"कसला काठ?"

"माझ्या नदीचा. काल नदी झाली."

मला हसूच आलं. म्हटलं, नदी झाली असेल तर दोन बादल्या आपल्या टाकीत सोडा, आपल्या करंजाड्याला कालपासून पाणी नाहीये. एरवी असल्या बोलण्यावर हे काहीतरी उलट बोलतात. त्या दिवशी डोळेसुद्धा उघडले नाहीत. रिंग मीच कशीबशी बसवली आणि भात अर्धा कच्चा राहिला.

निवृत्तीनंतर यांचा एक जुना सहकारी यांना रविवारी कळंबोलीला न्यायला लागला होता. लोखंड बाजाराच्या मागे एका सोसायटीच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस माणसं जमायची. जो सांगायचा त्याला सगळे दादा म्हणायचे. मला वाटलं, भजन-प्रवचन असेल, बरं आहे, माणूस घराबाहेर तरी पडतो. मग हळूहळू एकेक बाहेर यायला लागलं. देव एकच नसतो म्हणे, पायऱ्या असतात. जीव चढत चढत वर जातो आणि सगळ्यांत वर पोचलेले जीव जगं निर्माण करतात. विटा नकोत, सिमेंट नको, नुसता संकल्प. आपण राहतो ते जगसुद्धा असंच कुणीतरी मनात धरून ठेवलंय. ज्याची तयारी झाली त्याला देह सुटल्यावर स्वतःचं जग करायला मिळतं. तयारी म्हणजे रोज सकाळी एक गोष्ट मनात आणायची आणि ती हलू द्यायची नाही.

"आणि त्याने मनातलं सोडलं तर?" मी विचारलं होतं.

"सोडलं तर संपलं," हे म्हणाले आणि चहात खारी बुडवली.

मी ते चेष्टेवर नेलं. म्हटलं, आपलं जग कुणातरी शिकाऊ जिवाने केलेलं दिसतंय, पळस्पे फाट्यावरची गर्दी बघितली की लगेच पटतं. यावर मात्र हे खुदकन हसले. "असेलही," म्हणाले. "पहिलंच काम असेल त्याचं."

यांचं स्वतःचं काम फार चोख चाललं होतं. संध्याकाळी फिरायला निघालो की सांगायचे. नदीला उतार ठेवलाय, उताराशिवाय पाणी वाहणार कसं. डोंगर नदीच्या वरच्या अंगाला. झाडं केली, पण आंब्याची नाही, आंबा फार जागा खातो. मी हूं हूं करायचे. डोक्यावरून नव्या विमानतळाची विमानं जायची आणि हे खाली बघत आपल्या डोंगराबद्दल बोलायचे. कुणी पत्ते खेळतं, कुणी शेअर बाजार बघतं, आमच्याकडे जग. मला त्यात वावगं काही वाटत नव्हतं.

मग एका सकाळी पनवेलच्या भाजी मार्केटमधून परत येताना हे रस्त्यातच थांबले. पिशवी खाली ठेवली, एका दुकानाच्या शटरला पाठ लावली. तोंड राखेसारखं झालं होतं. "काही नाही, दम लागला," म्हणाले. मी कसली ऐकतेय. रिक्षा केली आणि सरळ हॉस्पिटल गाठलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होता, पण समजावून सांगणारा. तीन नळ्या चोंदल्यात, बायपास करावी लागेल, फार दिवस थांबू नका, आज बरं वाटतंय म्हणून उद्याही वाटेल असं नाही.

हे शांतपणे म्हणाले, "नको."

मला वाटलं घाबरले. घाबरलेल्या माणसाला समजावता येतं. पुण्याहून मुलगी धावत आली, तिने समजावलं, रडली, भांडली आणि रजा संपल्यावर परत गेली. यांचं एकच. "माझं तिकडचं काम होत आलंय. इथे छाती फाडून घेऊन काय करू?" आयुष्यभर चोंदलेल्या नळ्या बदलत आलेला हा माणूस, स्वतःच्या तीन बदलायला तयार नाही. आणि चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. ती सगळी माझ्याच वाट्याला आली.

खरं सांगते, इतकी मी कधीच घाबरले नव्हते. हे अंघोळीला गेले की मी बाहेरून उगाच विचारायचे, टॉवेल घेतला का, पाणी गरम आहे ना. उत्तर यायला क्षणभर उशीर झाला की दार वाजवायचे. सकाळी हे गॅलरीत डोळे मिटून बसले की मी स्वयंपाकघराच्या दारातून यांच्या छातीकडे बघत राहायचे, शर्ट हलतोय की नाही. दूध दोनदा उतू गेलं. ते पुसतानाही मान गॅलरीकडेच.

एकदा धीर करून विचारलं, "तिकडे मी आहे का?"

"अजून माणसं केली नाहीत."

"मग करणार कधी?"

"माणसं अवघड असतात," हे म्हणाले. "आणि तिकडे भूक नाही, आजार नाही, भांडण नाही. माणूस आणला की ते सगळं आलं."

"भूकच नाही, तर मी तिकडे येऊन करू काय?"

छत्तीस वर्षं या माणसाला दोन्ही वेळ वाढलंय मी. वाटलं, काहीतरी बोलतील, निदान थट्टा तरी करतील. हे खरंच विचार करायला लागले. मी उठून आत गेले आणि नळ सोडून रडले.

लोक म्हणतील, बाई, असलं खरं असतं का? अहो, मी रोज देवापुढे दिवा लावणारी. हे खोटंच आहे असं छातीठोक कसं सांगू? खोटं असलं तर माझा नवरा एका नसलेल्या नदीसाठी मरणार होता. खरं असलं तर तो अशा ठिकाणी जाणार होता जिथे मी नाही, कधीच नसणार. दोन्हीकडून माझंच जात होतं.

शेवटी मी कळंबोली गाठली. दादांना चार शब्द ऐकवायचे असं ठरवूनच गेले होते. बघते तर काय, गुडघ्याला पट्टा बांधलेला साधा म्हातारा, हॉलमधल्या खुर्च्या स्वतः लावत होता. मी सगळं एका दमात सांगितलं. तो खुर्ची धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, ऑपरेशन करून घ्या म्हणून मीच दोनदा सांगितलं त्यांना. ते म्हणतात, माझी तयारी झाली. मी इतकी वर्षं सांगतोय, पण तयारी झाली असं म्हणणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. मलाच भीती वाटते."

मी भांडायला गेले होते आणि भांडायला कुणी उरलंच नाही. परत येताना रिक्षात डोक्यात एकच. यांना कुणी भरीला घातलं असतं तर त्याच्या तावडीतून सोडवलं असतं. यांच्या स्वतःच्या तावडीतून कसं सोडवायचं?

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावर नवीन जोडपं राहायला आलं. त्यांची वास्तुशांत होती, आम्हाला बोलावणं होतं. गुरुजींनी यजमानाच्या हातावर पाणी सोडलं आणि संकल्प सांगायला घेतला. आपल्या सगळ्यांना तो ऐकून ऐकून सवयीचा झालेला, म्हणून आपण लक्षच देत नाही. त्या दिवशी माझं होतं. ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागापासून सुरुवात. मग कल्प, मन्वंतर, कलियुग, मग भरतखंड, मग गोदावरीचा दक्षिण तीर, असं करत करत खाली येत येत शेवटी ते संवत्सर, ती तिथी आणि त्या घरातला तो मुलगा. हे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बघ. सगळं संकल्पानेच होतं."

आणि तेवढ्यात गुरुजी थांबले. त्याची बायको बाजूला सरकून कुणाला तरी फोनवर बिल्डिंगचा रस्ता सांगत होती. "वहिनी, फोन ठेवा," गुरुजी म्हणाले, "यजमानांच्या हाताला हात लावा. तुमचा हात लागल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही." ती गोरीमोरी झाली, धावत येऊन तिने नवऱ्याच्या हाताला बोटं टेकवली. ब्रह्मदेवापासून करंजाड्यापर्यंत आलेला तो एवढा मोठा संकल्प तिच्या बोटांसाठी खोळंबला होता.

मी यांच्याकडे बघितलं. हे ताम्हनाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गॅलरीत बसायच्या आधीच मी समोर उभी राहिले. "तुमचं जग संकल्पाने होतं ना?"

"हो."

"मग त्याला हात कुणी लावला होता?"

हे माझ्याकडे बघतच राहिले. हा नियमाचा माणूस. नोंदवहीत दोघांच्या सह्या झाल्याशिवाय यांनी कधी बॉयलर पेटवला नाही, साहेब ओरडला तरी नाही. आमच्या लग्नापासूनच्या सगळ्या पूजांमध्ये माझा हात यांच्या हाताला होता. सत्यनारायण असो, मुलीचं बारसं असो, हेच वळून बघायचे, हात लागलाय ना. आणि एवढं अख्खं जग करायला घेतलं तेव्हा मला विचारलंही नाही.

"मग आता लाव," हे हळूच म्हणाले.

"अजिबात लावणार नाही. लावला म्हणजे माझी संमती झाली, तुम्ही खुशाल जा असं झालं. आधी ऑपरेशन, मग हात."

हे चिडले. मीही चिडले. चार दिवस आमच्याकडे कामापुरतंच बोलणं होतं. वरून मी ताठ होते, आत मात्र एकच, की या हट्टात मध्येच काही झालं तर? पाचव्या दिवशी हे गॅलरीतून लवकर उठून आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. "नदी राहत नाहीये," म्हणाले. "तू बोललीस तेव्हापासून. आणली की पुसली जाते." तोंड लहान मुलासारखं झालं होतं. मला कीव आली, पण मी पोळी लाटत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "कर फोन डॉक्टरला."

ऑपरेशनच्या सकाळी यांना हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर घेतलं. मुलगी एका बाजूला, मी एका बाजूला. आतलं दार उघडलं तसा यांनी चादरीखालून उजवा हात बाहेर काढला. तळवा वर, पाणी घ्यायला धरतात तसा. "हात लाव," म्हणाले.

"आधी ऑपरेशन म्हटलं होतं ना?"

"लाव गं."

मला कळेना काय करावं. हे कसला संकल्प करताहेत ते मला माहीत नव्हतं. परत येण्याचा की जाण्याचा? जाण्याचा असला तर माझ्याच हाताने तो पुरा होणार होता. आणि नाही लावला, आणि हे आतून आलेच नाहीत, तर शेवटचं मागणंही मी नाकारलं असं झालं असतं. वॉर्डबॉय थांबला होता. मी यांच्या मनगटाला बोटं लावली. यांनी डोळे मिटले, ओठ हलले. मग दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर मी किती वेळ बसले मला आठवत नाही. मुलीने आणलेला चहा तसाच गार झाला. मी आपली बोटं बघत होते. काय केलं मी? हातात काय दिलं मी यांच्या? जप करायला घ्यायचे आणि कुणाचा करायचा तेच सुचायचं नाही. यांच्या म्हणण्याप्रमाणे वर इतके जीव बसलेत, त्यातल्या कुणाच्या मनात आपण आहोत, आणि त्याचं लक्ष आत्ता या दाराकडे आहे का, हे कुणाला विचारणार?

ऑपरेशन नीट झालं, असं डॉक्टर म्हणाला. मला ते ऐकू आलं, पण आत गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आयसीयूमध्ये मला एकटीला सोडलं. नळ्याच नळ्या होत्या. घशातली तेवढी काढली होती. मी जाऊन उभी राहिले, यांचे डोळे मिटलेले. गॅलरीत बसायचे अगदी तसेच. मी छातीकडे बघितलं. मग हळूहळू डोळे उघडले, मला शोधलं, आणि फाटक्या आवाजात काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. मी कान जवळ नेला.

"भूक लागलीय," म्हणाले.

मी तिथेच कॉटच्या दांडीला धरून खाली बसले. नर्स धावत आली, तिला वाटलं मलाच काही झालं.

आता हे बरे आहेत. सकाळी गॅलरीत बसतातच, ते काही सुटलेलं नाही. शेजारी मीही खुर्ची टाकते आणि यांच्या हाताला हात लावून बसते. त्या दिवशी दारात कसला संकल्प केला होता हे मी अजून विचारलेलं नाही, माझी हिंमत होत नाही. हे म्हणतात, डोळे मीट, तुलाही दिसेल नदी. मी मिटत नाही. मी यांच्या शर्टाकडे बघत असते.