कौसाबाईचं गोंदण

मार्करच्या शाईचा उग्र वास आला की मला चंद्रपूरकडच्या तलावात मासे धरणारी कौसाबाई आठवते. तिच्या कॅन्सरला किरणांचा शेक कुठे द्यायचा, त्या खुणा मी छातीवर शाईने आखायचो आणि ती दर खेपेला धुऊन यायची.

"खूण गेली तर शेक चुकेल! पाण्यात उतरू नका," मी ओरडलो.

सोमवारी ती आली, तर त्याच खुणांवर गोंदून! मी भडकलो. सुई, जखम, जंतू, सगळं ऐकवलं.

"ओरडून काऊन राह्यले, डाक्टरसाहेब? तलाव तं मी सोडत नाई. घ्या, आता पुसून दाखवा!"

आजही मी आधी मार्करनेच आखतो, पण मग सुईने बारीक ठिपके गोंदतो. पाण्यात उतरू नका, असं मात्र कुणालाच सांगत नाही.