तांदळाच्या उकडीचा पिझ्झा

बायकोच्या आजाराचं नाव कळलं तेव्हा ती अलिबागच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून चक्क हसली. दोन वर्षं तिचं वजन उतरत होतं, केस गळत होते, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नव्हतं. नको त्या रोगाची शंका आम्हा दोघांच्याही मनात येऊन गेली होती, फक्त एकमेकांना बोललो नव्हतो. डॉक्टर म्हणाले, "गव्हातलं ग्लुटेन यांच्या आतड्यांना सोसत नाही. गहू, मैदा, रवा, पाव कायमचं बंद. तेच औषध."

"एवढंच?" तिने विचारलं. माणगावकडच्या भातशेतीवाल्या घरातली ती. मुरुडला परतताना एसटीत मला म्हणाली, "लहानपणी आमच्याकडे चपाती सणालाच व्हायची. मला काय जड जाणार?"

पण सहा महिने झाले तरी पोट दुखायचं थांबेना. पुन्हा रक्त तपासलं, ग्लुटेनमुळे रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांचा आकडा जेमतेम उतरलेला. "कुठून तरी गहू पोटात जातोय," डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर मी तिला विचारलं, "खरं सांग, शाळेत चहाबरोबर पाव खातेस का?" आम्ही दोघेही शिक्षक, पण शाळा वेगवेगळ्या. ती उठून आत गेली. दोन दिवस कामापुरतंच बोलली.

त्या शनिवारी तिच्या भाकरीच्या तांदळाचा डबा घेऊन गिरणीत मीच गेलो. माझ्या आधी कुणाचे तरी गहू दळले जात होते. ते संपताच गिरणीवाल्याने त्याच जात्यात आमचे तांदूळ ओतले, आणि पहिलं मूठभर पीठ तांबूस पडलं. बाकीचं पांढरंशुभ्र. मी त्याला विचारलं.

"व्हय मास्तर, आधीचं थोडं राहतंच," तो सरळ म्हणाला. "सगळ्यांचंच तसं. कुणाला काय होत न्हाय."

पीठ तिथेच ठेवून घरी आलो. ती कपडे वाळत घालत होती. म्हटलं, "चूक माझी झाली. गिरणीतच गहू मिसळतोय." ती हातातला टॉवेल घेऊन पायरीवर बसली. म्हणाली, "म्हणजे मी नीट वागत होते." तिला स्वतःचाच संशय आला होता, हे मला तेव्हा कळलं.

मग आम्ही गहूच घराबाहेर काढला. नवा तवा आणला, नवं पोळपाट-लाटणं आणलं. तांदूळ धुवायचे, सावलीत वाळवायचे, मिक्सरमध्ये फिरवून चाळून घ्यायचे. आमच्या सहावीतल्या मुलीनेही चपाती सोडली, पण पिझ्झा तिच्या जिवाचा. परीक्षा संपल्यावर मी तिला म्हटलं, "चल, अलिबागला जाऊन खाऊ." ती म्हणाली, "नको बाबा. आपण खायचा आणि आईने बघत बसायचं. घरीच करू या."

मी हौसेने पुढे झालो. तांदळाचं पीठ, यीस्ट, कोमट पाणी घेतलं, मळलं, तासभर झाकून ठेवलं. थापून तव्यावर टाकला तर उलटताना त्याचे चार तुकडे झाले. मुलीने एक तुकडा खाऊन पाहिला. "चव बरी आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

बायको एवढा वेळ दारात उभी होती. तिने पदर खोचला. "तांदळाचं पीठ असं ऐकत नाही. आधी उकड काढावी लागते." आधणात मीठ-तेल घालून तिने निम्मं पीठ वैरलं, झाकण ठेवून वाफ आणली. उकड निवल्यावर उरलेलं पीठ, दोन चमचे इसबगोल आणि यीस्ट घालून चांगली मळली, तासभर झाकून ठेवली. पाणी लावलेल्या हाताने थापली, तेव्हा कडेला एकही चीर नव्हती. घरी आटवलेला टोमॅटोचा रस, सकाळी कोळणीकडून घेतलेली कोळंबी परतून, सिमला मिरची आणि वर किसलेलं चीज. तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं. खालून खरपूस झाला होता, मधे मऊ.

आम्ही तिघं एकाच ताटातून खाल्लं. बायको तिसरा तुकडा उचलताना थबकली, मग खाल्लाच. दुसऱ्या दिवशी उठल्यावर मी विचारायच्या आधीच म्हणाली, "काही दुखत नाही."

तीन महिन्यांनी अलिबागला पुन्हा रक्त तपासलं. आकडा निम्म्याच्या खाली आला होता, रक्तही वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आता वर्षाने या." तिने स्टँडवरून मुलीला फोन करून सांगितलं. मुरुडची एसटी मिळाली, खिडकीजवळ जागा मिळाली, आणि रेवदंड्याचा पूल यायच्या आत तिला माझ्या खांद्यावर गाढ झोप लागली. कंडक्टरने तिकीट मागितलं तेव्हा मी त्याला हळू बोलायची खूण केली.