बाईदी

तुमच्या ओळखीतल्या एखाद्या बाईला घामाघूम होईपर्यंत खेळताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? मंगळागौरीच्या फुगड्या मी धरत नाही. उघड्या मैदानात, अनोळखी माणसांसमोर, हरण्याजिंकण्यासाठी.

सुमनताई आमच्या बालीगंजच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची आणि कलकत्त्यात बायकांचे सामने सुरू झाले तेव्हापासून फुटबॉल खेळायची. कावीळ झाली आणि तिशीच्या आत गेली. गेल्या महिन्यात मराठी मंडळात शोकसभा झाली. ती मनमिळाऊ होती, गणपतीत मोदक सुरेख वळायची, सगळं सांगून झालं. फुटबॉलचं नाव कुणी काढलं नाही. मी कार्यवाह काकांना बाजूला गाठून विचारलं, तर ते अगदी मायेनं म्हणाले, "अगं, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं." चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मोठी झालेली मुलगी मी, एरवी तिथंच भांडले असते. त्या दिवशी मागं जाऊन बसले.

शेवटच्या रांगेत मिनती बसली होती, सुमनताईच्या संघाची गोलकीपर. लोकलनं सियालदहला उतरून ती एवढ्यासाठी आली होती आणि मराठीचं एक अक्षर तिला कळत नव्हतं. सभा संपल्यावर तिनं हळूच विचारलं, मैदानाबद्दल कुणी काही बोललं का? एका क्लबच्या मैदानाचा अर्धा भाग रविवारी सकाळी मुलींना मिळायचा. तो सुमनताईनं तिथल्या साहेबांच्या तंबूत, म्हणजे क्लबच्या कचेरीत, वर्षभर खेटे घालून मिळवला होता. आता ती नाही, म्हणून क्लब तो परत मागतोय. मी मिनतीला सांगितलं, नाही, कुणी बोललं नाही.

सुमनताई मंडळात लहान मुलांचा मराठीचा वर्गही घ्यायची. इथं जन्मलेली ही मुलं घरात मराठी बोलतात, तीही अर्धी बंगाली मिसळून. तिच्या एका सामन्याला मी त्या सगळ्यांना घेऊन गेले होते. तिच्या पायात चेंडू आला आणि मुलं एका सुरात ओरडली, "बाई! बाई!" शिकवणारी ती बाई, आपल्याकडे त्यात काय वावगं? पण इथं बाई म्हटलं की लोकांना बाईजी आठवते, मैफलीत नाचणारी. बघ्यांत आधी हशा पिकला, मग शिट्ट्या. "ओ बाई, एकटू नाच देखाओ!" कुणीतरी तबल्याचे बोल तोंडानं वाजवायला लागलं. मुलांना वाटलं, सगळे आपल्याच बाजूचे आहेत. ती आणखी जोरानं ओरडू लागली. त्यांना गप्प कसं करावं, मला कळेना.

त्या आठवड्यात दोन-तीन घरांनी मुलं वर्गाला पाठवली नाहीत. सुमनताईच्या वडिलांनी सुचवलं की बाहेर मुलांनी तिला दीदी म्हणावं, म्हणजे प्रश्न मिटेल. ती बूट पुसत होती. म्हणाली, "बाबा, पोरांनी मला बरोबर हाक मारली. चुकीचं ऐकलं ते मोठ्यांनी." पुढच्या रविवारी तिनं संघातल्या मुलींना बाईचा आपला अर्थ समजावून सांगितला. त्यांनी तो उचलला आणि मानाला मान जोडून, पुढं दीदीतली दी लावून, तिची बाईदी केली. पुढं मैदानात कुणी "ओ बाई" म्हणून खिजवलं, की मिनती गोलातूनच ठणकावायची, "बाईदी बोलो!"

तिच्या कारकिर्दीच्या विजयगाथा माझ्याजवळ नाहीत. ती बंगालच्या संघातून खेळली, तेव्हा रेल्वेच्या गर्दीच्या डब्यात पेटीवर बसून गेली आणि तशीच आली; स्टेशनवर हार घेऊन कुणी नव्हतं. कपडे बदलायला खोली नसायची, दोघी साडी धरून उभ्या राहायच्या. वर्तमानपत्रात गोलाबद्दल एक ओळ यायची आणि चड्डीच्या लांबीबद्दल चार. बघायला आलेल्या स्थळानं विचारलं, लग्नानंतर मुलगी खेळ सोडेल ना? तिनं चहा पुढं करत विचारलं, "मुलगा काय काय सोडणार आहे?" त्या घरचा निरोप आला नाही. आम्ही दोघी खूप हसलो, पण हे मीच शिकवलं असं धरून तिची आई पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही... या सगळ्यावर मी एक जळजळीत पत्रक लिहून तिला वाचून दाखवलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान आहे. याला पाय असते तर डाव्या बगलेला खेळवलं असतं. आम्हाला एक खेळाडू कमी पडतोय."

हॉस्पिटलात शेवटची भेटले तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पंखा बंद, वीज गेलेली. मी वर्तमानपत्रानं वारा घालत होते. रविवारी किती जणी आल्या, हे तिनं विचारलं, आणि मग, बघायला कोण आलं होतं? मी म्हटलं, दोन फेरीवाले होते. तिनं डोळे मिटून घेतले. म्हणाली, "तंबूतले साहेब तेच म्हणतात गं. कुणी बघायलाच येत नाही, तर मैदान कशाला अडवता?"

परवा मी आणि मिनती त्या साहेबांना भेटलो. त्यांनी पावसाळा संपेपर्यंत मुदत दिली आहे. तोवर माणसं दिसली तर मैदान राहील.

म्हणून वाचणाऱ्यांना सांगते, शोकसंदेश पाठवू नका. मी आता पत्रकही लिहिणार नाही, दमले आहे. कलकत्त्यात असाल तर रविवारी सकाळी मैदानात या; दुसरीकडे असाल तर तुमच्या गावात मुली जिथं खेळत असतील तिथं जा. दया म्हणून टाळ्या वाजवू नका. रेषेशी उभे राहा, खेळ संपेपर्यंत थांबा, आणि ओरडायचंच असेल तर चुकलेल्या पासवर ओरडा.