अकराव्या मिनिटाचा सुळका

पलसाण्याच्या ज्या लॅबमध्ये मी नोकरी केली, तिथे डाइंग मिलचे रंग तपासायला यायचे. आम्ही ते आमच्याच गाळलेल्या पाण्यात विरघळवायचो. मशीन त्यातले पदार्थ वेगळे करून प्रत्येकासाठी स्क्रीनवर एक सुळका उभा करायचं. कुठल्या मिनिटाला काय करायचं, हा सगळा प्रोग्रॅम माझा.

अकराव्या मिनिटाला एक आगाऊ सुळका यायचा. प्रत्येक नमुन्यात, अगदी नुसतं पाणी घातलं तरी. नळ्या बदलल्या, पंप धुतला, जीव नकोसा झाला. शेवटी वैतागून मी प्रोग्रॅममध्ये लिहूनच टाकलं, की ते मिनिट मोजू नकोस. साहेब गुजरातीत म्हणाले, "चालशे." पुढे दोन वर्षं स्क्रीनवर सुळका येतच राहिला, पण रिपोर्ट स्वच्छ निघत राहिले आणि मला त्याचा अभिमानही वाटायचा.

मग एका दुपारी आमचं पाणी गाळायचं यंत्र बिघडलं, म्हणून शुद्ध पाण्याची सीलबंद बाटली मागवली. त्या पाण्यावर मशीन चालवलं. अकरावं मिनिट आलं आणि गेलं. रेघ सपाट राहिली.

मी पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा सपाट.

म्हणजे मशीन कधीच बिघडलेलं नव्हतं. तो सुळका आमच्या आवारातल्या बोअरच्या पाण्याचा होता. त्या पाण्यात नेमकं काय आहे, हे मी दोन वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं.

चहा करणाऱ्या मावशी तेच पाणी वापरायच्या, न गाळता. माझा कप मशीनशेजारी होता, अर्धा प्यायलेला.