एका घासाचा नियम

रोक्कीना सुईण पायऱ्यांच्या गल्लीतून वर चढू लागली की उंबऱ्यावर बसलेल्या बायका मुकाट पाय आत घेत. बाई उंचीने बेताची, पण जीभ अशी की गावच्या पाद्रीबाबांनीही तिच्याशी वाद घालायचा नाद कधीच सोडला होता. पिएत्रामारा गावातली निम्मी माणसं तिच्याच हातावर जन्मली होती, आणि ती तसं ऐकवायलाही कमी करत नसे. तिच्या चामडी पिशवीत कात्री, स्पिरिटचा दिवा, काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली असे. गरोदर बाईच्या लघवीचे थेंब त्या औषधात टाकून तापवायचे. निळं राहिलं तर छान, हिरवं झालं तर जपून, पिवळं झालं तर आणखी जपून, आणि विटेसारखं लाल झालं तर अंगात साखर फार.

त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे अठ्ठावन्न साली, चाळीस दिवसांचे उपास लागण्याआधीच्या कार्निव्हलच्या आठवड्यात ग्राझिएलाच्या नळीतलं औषध लाल झालं.

ग्राझिएलाला सहावा महिना होता. तिचं पहिलं बाळ तीन वर्षांपूर्वी जन्मलं ते पाच किलोचं. सगळी गल्ली म्हणाली, काय गुटगुटीत! पण ते रडलं नाही, हललं नाही. ते रोक्कीनाच्याच हातात आलं होतं. तेव्हाही नळी लाल झाली होती, आणि "गोड जरा कमी खा हं" एवढं एकदा सांगून रोक्कीना गप्प बसली होती. त्या एका गप्प बसण्यासाठी तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

गप्प बसायला कारण होतं. आमच्याकडे गरोदर बाईच्या नाकात कुठल्या रांधण्याचा वास गेला, तर त्या घरातून तिला ताटली गेलीच पाहिजे. नाही गेली, आणि तिचा जीव अडकलेला असताना तिचा हात गालाला लागला, तर बाळाच्या गालावर त्याच पदार्थाचा डाग उठतो. स्ट्रॉबेरीचा, वांग्याचा, कॉफीचा. ग्राझिएलाच्या गल्लीत समोरासमोर सात चुली, आणि गल्ली इतकी अरुंद की एका घरात कांदा टाकला की सातही घरांत नाकं वर व्हायची. त्यातून कार्निव्हल. मधात बुडवलेले गोळे, साखर भुरभुरवलेल्या तळलेल्या पट्ट्या, चॉकलेटची खीर. ताटली परत पाठवणं म्हणजे शेजारणीच्या तोंडावर दार लावणं. सासू पास्क्वा तर सुनेचा हात तोंडाजवळ गेला की लांबूनच ओरडायची, "हात खाली! लावायचाच असेल तर मागे लाव, तिथला डाग कोण बघणार आहे?"

"डॉक्टर म्हणालेत, संत जोसेफच्या सणापर्यंत, म्हणजे महिनाभरात, रंग उतरला नाही तर बाळाची खात्री नाही," रोक्कीनाने दोघींना सांगितलं. "गोड बंद."

ग्राझिएलाने ऐकलं, आणि जरा जास्तच ऐकलं. तिने गोड सोडलं, पाव सोडला, जवळजवळ सगळंच सोडलं. चौथ्या दिवशी रोक्कीना आली तर ही घरात दिसेना. शेवटी सापडली धान्याच्या कोठीत. मधाच्या गोळ्यांची अख्खी परात मांडीवर, हात चिकट, आणि डोळ्यांतून पाणी.

"मावशी, मारा मला," ती म्हणाली. "तीन दिवस तोंड बांधून राहिले. आज डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मग हात थांबेचना. मीच माझं लेकरू मारणार."

सगळ्या गावाला फाडून खाणारी रोक्कीना तिच्याशेजारी जमिनीवर बसली. आपल्या एप्रनच्या टोकानेच तिने त्या पोरीची बोटं पुसली.

"चूक तुझी नाही गं, माझी आहे. काय खायचं नाही ते सांगितलं, काय खायचं ते सांगितलंच नाही. दोन जिवांची भूक ती. तिला कोंडलं की ती दार फोडूनच बाहेर येणार. तिला थोडंथोडं देत राहायचं."

दुसऱ्या दिवशी तिने सातही घरच्या बायकांना पास्क्वाच्या ओट्यावर बोलावलं. ताटल्या बंद करा म्हणायची चूक तिने केली नाही. उलट म्हणाली, ताटल्या हव्यात, रोज हव्यात, पण माझ्या वेळेला आणि माझ्या मनासारख्या. सकाळी दहाला कोंबड्यावाल्या विधवा लिबेराकडून एक उकडलेलं अंडं. बाराला कोणाकडून तरी रानभाजी आणि हरभरे, बरोबर काळ्या पावाचा तुकडा. चारची वेळ सगळ्यात वाईट, तेव्हा मूठभर बदाम आणि बडीशेपेचा कच्चा कंद, करकर चावायला. निजायच्या आधी वाटीभर ताजा रिकोत्ता, म्हणजे मऊ पनीर, बिनसाखरेचा.

"उपासाच्या दिवसांत अंडं?" पास्क्वाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"पाद्रीबाबांना विचारून आलेय. पोटुशीला उपास नाही."

"विचारून आलीस की सांगून आलीस?"

"ते त्यांना विचार."

बायका हसल्या, पण लिबेराच्या मनातली शंका जाईना. "माझ्याकडे मिरच्या तळल्या, तिला वास गेला, आणि मी दिलं काय, तर अंडं! उद्या लेकराच्या कपाळावर मिरची उठली तर माझ्या नावाने बोंब."

रोक्कीना अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "वास आलेल्या गोष्टीचा एक घास द्यायचा. एकच, आणि तो वीस वेळा चावायचा. वासाचं देणं एका घासात फिटतं. दुसरा घास घेतला की मात्र डाग उठतो."

"हे मी कधी ऐकलं नव्हतं," पास्क्वा म्हणाली. "माझ्या सासूने असलं काही सांगितलं नाही."

"तुझ्या सासूची बाळंतपणं केली कोणी? माझ्या आईने. मग जास्त कोणाला ठाऊक?"

हा नियम तिने त्याच ओट्यावर उभ्या उभ्या रचला होता. सुईणींच्या सरकारी शाळेत शिकलेली बाई, खोटं बोलताना पापणीही लवली नाही. मला विचाराल तर त्या गावात एवढं उपयोगी कोणीच कधी बोललं नव्हतं.

गल्लीने नियम उचलला. लिबेरा तर घास वीस वेळा चावला जातोय की नाही ते दारात उभी राहून मोजायची. चारच्या सुमाराला ग्राझिएला कंद चावत पायऱ्यांवरून खाली-वर फिरे, आणि तिच्या मागोमाग पास्क्वा दम खात चाले. आठ दिवसांनी औषध मळकट पिवळं झालं, पंधरा दिवसांनी हिरवं. पण निळं काही होईना, आणि पुढे संत जोसेफ उभा. त्या दिवशी सकाळपासून सातही चुलींवर झेप्पोले, म्हणजे सणाचे गोड वडे, तळले जाणार. सात घरांचे सात घास, तेही मध-साखरेचे, आणि दुसऱ्याच दिवशी तपासणी. यावर काही रोक्कीनाला सुचेना. त्या दिवसाचं तळण थांबव म्हणून तिने कोणाला सांगितलंही नसतं. वर्षाचा एक सण.

सणाच्या सकाळी ती गल्लीत शिरली आणि थबकली. वासच नव्हता. सातही दारं बंद, चुली थंड. ग्राझिएला एकटीच उंबऱ्यावर अंडं सोलत बसली होती.

"सगळ्या कुठे गेल्या गं?"

"काय की. आई पहाटेच कढई डोक्यावर घेऊन गेल्या. मला म्हणाल्या, इथून हलायचं नाही."

रोक्कीना उतरत उतरत गावाबाहेर, पार धुण्याच्या घाटापर्यंत गेली. तिथे दगडांच्या चुली मांडून सातही जणी वाऱ्यात झेप्पोले तळत होत्या. धूर दरीकडे जात होता. गारठ्याने बोटं लाल झालेली, आणि तोंडं अखंड चालू.

"बघतेस काय?" पास्क्वा झारा हलवत म्हणाली. "वासच गेला नाही तर देणं कसलं? आम्हालाही नियम काढता येतात."

रोक्कीनाने बाह्या मागे सारल्या आणि पीठ मळायला बसली.

दुसऱ्या दिवशी नळी तापली, आणि औषध निळं राहिलं. पुढले दोन महिने ते बहुतेक निळंच राहिलं, कारण ताटल्या एकदाही चुकल्या नाहीत.

मेच्या शेवटी ग्राझिएलाच्या कळा सुरू झाल्या. डॉक्टरही येऊन बसले, पण त्यांना काही करावं लागलं नाही. दुपारी बाळ रोक्कीनाच्या हातात आलं. मुलगी. रोक्कीनाने तिला पालथं धरलं, पाठ चोळली, आणि मग ती रडली. अशी रडली की बाहेर पायऱ्यांवर बसलेली लिबेराही रडू लागली.

"तीन किलो चारशे," रोक्कीना म्हणाली.

पास्क्वा भिंतीला टेकून उभी होती. "गेल्या वेळी मीच तिला भरवत होते," ती हळूच म्हणाली. "रोज. ती नको म्हणायची, तरी भरवत होते. मला वाटायचं, मी माया करतेय."

"आणि मला दिसत होतं," रोक्कीना म्हणाली. "तरी मी गप्प बसले."

पास्क्वाने बाळासाठी हात पुढे केले, आणि रोक्कीनाने ते तिच्या हातात दिलं.