पूल मोजणारी ओंदीना

ओंदीना झेन्नारो रोज सकाळी आठला माझ्या बारमध्ये येते, काउंटरच्या टोकाला उभ्यानेच कॉफी पिते आणि भिंतीवरचा भरती-ओहोटीचा तक्ता वाचते. पेपर त्यानंतर. चौतीस वर्षं तिने आमच्या कान्नारेजिओ भागात टपाल वाटलं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण पायातले बूट अजून टपाल खात्याचेच वाटतात. तिला रस्ता विचारला तर मिनिटं सांगत नाही, पूल सांगते. "फार्मसी? इथून तीन पूल, त्यातला एक चढाचा."

आमच्याकडे एका दिवसासाठी येणारी माणसं तुम्ही बघितली असतील. सकाळी उतरतात, संध्याकाळी जातात, आणि मधल्या वेळात सगळं व्हेनिस गिळायला निघतात. मी नोर्मा, बारची मालकीण. मला ही माणसं आवडत नाहीत, उगाच खोटं कशाला बोलू? एक पाणी घेतात आणि चौघं संडासाला जातात. पण ओंदीना त्यांना बघून हसते. कुणी नकाशा उलटासुलटा करताना दिसलं, की ती कप खाली ठेवते आणि विचारते, "गुडघे कसे आहेत?"

माणूस चक्रावतो. पुढचा प्रश्न, "दर किती तासांनी जावं लागतं?" तोवर तो लाजेने लाल. मग ती माझ्या काउंटरवरचा कागदी रुमाल ओढते आणि त्याच्यावर त्याचा दिवस लिहून देते. कुठून निघायचं, किती पूल, कुठे सावली, कुठे फुकट संडास, आणि 'बाकावर बसणे, चाळीस मिनिटं.' हे बाक तिच्या प्रत्येक बेतात असतंच. एकदा एक जर्मन गृहस्थ सात चर्च एका दिवसात बघणार म्हणाला. तिने त्याला एकच दिलं आणि वर दोन बाकं. संध्याकाळी तो पठ्ठ्या परत आला आणि तिच्या हाताचं चुंबन घेऊन गेला! पैसे ती कुणाकडून घेत नाही. "टपाल पोचवायचे पैसे मला मिळालेत," म्हणते. बाई अशी आहे. मी तिला तोंडावर कधी चांगलं म्हणत नाही, डोक्यावर बसेल.

मागच्या ऑक्टोबरात लिव्हिओ बुझेत्तो आला. पन्नाशीचा, कपाळाला आठ्या. त्याची आई आमाबिले पूर्वी ओंदीनाच्याच टपालाच्या भागात राहायची. घरमालकाने घर काढून घेतलं तशी पाण्यापलीकडे जमिनीवरच्या मेस्त्रेला गेली, पाचव्या मजल्यावर. आता ब्याऐंशीची होती, चाकाच्या खुर्चीत होती, आणि इकडे शेवटचं येऊन तिला बारा वर्षं झाली होती. आगगाडीने दहा मिनिटांवर असून! पण आमच्याकडे खुर्चीला पूल कोण चढवणार?

"आईचे डोळे चाललेत," लिव्हिओ म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, नाताळपर्यंत काही उरणार नाही. तिला एकदा इथे आणायचंय. मी यादी केलीय. सान मार्को, रिआल्तो..."

ओंदीनाने यादी घेतली, घडी घातली आणि त्याच्याच खिशात परत ठेवली. "सान मार्को? अरे, त्या गर्दीत ती आयुष्यभर कधी फिरकली नाही. तिला विचारलंस का, काय बघायचंय?"

विचारलं नव्हतं. मुलगेच ते. मग दुसऱ्या दिवशी ओंदीना स्वतः मेस्त्रेला गेली आणि विचारून आली.

"तिला भिंत बघायचीय," येऊन मला म्हणाली.

"कसली भिंत?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरची. कालव्यापलीकडची. चाळीस वर्षं भांडी घासताना तीच बघत होती म्हणे."

मी म्हटलं, "म्हातारीला वेड लागलंय."

"लागू दे. पण ती भिंत पाण्यातून वर आलीय. तिथे बोटीनेच जावं लागेल. तुझ्या तुल्लिओला सांग, पुढच्या शनिवारी बोट धुऊन ठेव."

तुल्लिओ म्हणजे माझा नवरा. दुकानांना पाण्याच्या आणि दारूच्या पेट्या पोचवतो. सपाट बुडाची मालवाहू बोट, नाळ, म्हणजे पुढचं टोक, चांगली वर आलेली. खुर्ची सहज मावली असती. घोडं पेंड खात होतं ते पुलापाशी. आमाबिलेच्या कालव्यावर जो पूल आहे तो इतका बुटका, की तुल्लिओची बोट ओहोटीच्या अगदी तळालाच खालून जाते. अर्धा तास आधी, अर्धा तास नंतर, संपलं. आणि कालव्याच्या दुसऱ्या तोंडाशी भिंती दुरुस्त करणाऱ्यांचा तराफा आडवा होता, शनिवारीसुद्धा साडेचारपर्यंत. लिव्हिओने ठरवलेली, खुर्ची चढवता येणारी गाडी दोन वाजता परत निघणार. तेव्हा ओहोटीला आत, भिंत बघायची, ओहोटीलाच बाहेर. त्या म्हातारीच्या डोळ्यांसाठी आमच्या हातात तेवढाच एक तास होता.

पुलावरून खुर्ची उचलून नेऊ, असं लिव्हिओ म्हणाला होता. पण आमाबिलेने साफ नाही सांगितलं. मोठ्या पुरात तिला त्या घरातून कुणाच्या तरी पाठीवर बाहेर काढलं होतं. "पोत्यासारखी एकदा गेले, तेवढं बस," म्हणाली.

अकरा दिवस ओंदीना त्या बेतावर बसली होती. रुमालामागून रुमाल. तिने तक्ता बघितला, ओहोटीची वेळ उतरवली आणि त्यात एक तास मिळवला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तक्ता सूर्याच्या वेळेने छापतात आणि उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून मिळवायचा. बारा वाजून पाच मिनिटं. ठरलं.

शनिवारी, जिथून पुढे गाड्या येऊ शकत नाहीत त्या चौकाशी आम्ही बोट लावली. लिव्हिओने आईला आणलं. एवढीशी झालेली, पण अंगावर चांगला निळा कोट, ओठांना रंग. मान तिरकी करून बघायची, कारण समोरचं धूसर आणि कडेचं जरा बरं दिसायचं.

"टपालवाली, तू जाड झालीस," ओंदीनाला म्हणाली.

"आणि आमाबिलेबाई, तुमची जीभ तशीच राहिली."

"डोळे जातात, ती कशी जाईल?"

मी कांदा-व्हिनेगरात मुरवलेली तारली मासळी आणि पाव डब्यात घेतला होता. ऊन छान होतं. तुल्लिओ चक्क गुणगुणत होता. बुटक्या पुलाच्या वळणावर आलो आणि तो गुणगुणायचा थांबला.

पुलाखालची हिरवी शेवाळाची रेघ पाण्यात बुडत चालली होती. पाणी तळाला नव्हतं, चढत होतं. तुल्लिओने नाळ हळूच पुलाखाली घातली आणि ती वरच्या दगडाला खरकन घासली. चार बोटं कमी पडत होती.

ओंदीनाने घड्याळ बघितलं, शेवाळ बघितलं. पुन्हा घड्याळ बघितलं. "असं कसं होईल? मी तास मिळवला होता."

मी पटकन मान दुसरीकडे वळवली. कारण बारमधल्या तक्त्याचं ऑक्टोबरचं पान लावताना, त्या उपऱ्या गिऱ्हाइकांच्या 'ही वेळ खरी का' ला वैतागून मीच काळ्या शाईने, छापल्यासारख्या आकड्यांत, सगळ्या वेळा सुधारून ठेवल्या होत्या. तास आधीच मिळवलेला! तिने वर आणखी एक मिळवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी.

"ओंदीना," मी म्हटलं, "तो तक्ता... मीच... शाईने..."

तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. चौतीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात न टाकलेली बाई. मला वाटलं, आता ही मला पाण्यात ढकलते.

"नंतर भांडू," ती म्हणाली. "आधी वजन गोळा कर."

"कसलं वजन?"

"माणसांचं! बोट रिकामी आहे म्हणून वर तरंगतेय. नाळेत दहा माणसं घाल, बसेल खाली."

तुल्लिओ म्हणाला, "आत जाऊ गं, पण बाहेर कसे येऊ? पाणी चढतंय. मग दहा सोड, वीस माणसांनीही नाही जमणार. तराफा निघेपर्यंत आत अडकू. साडेचारपर्यंत."

लिव्हिओ उसळला. "दोनची गाडी आहे! तिचे थेंब, तिचं जेवण... नाही. परत फिरवा. झालं ते झालं, पुन्हा कधीतरी येऊ."

 पुन्हा कधीतरी म्हणजे काय, ते त्यालाही कळत होतं. ओंदीना आमाबिलेसमोर उकिडवी बसली. "आमाबिलेबाई, बेत चुकला. माझा चुकला. आत गेलो तर साडेचारपर्यंत सुटका नाही. जेवायला नोर्माची तारली. संडासाची सोय आत्ता तरी सांगता येत नाही. काय करू?"

म्हातारीने मान तिरकी करून तिला न्याहाळलं. "मला कुठे कामावर जायचंय? घाल वजन."

काठावर अकरा जणांची टोळी उभी होती. गळ्यात एकसारखे पिवळे रुमाल, पुढे छत्री उंच धरलेली बाई. एक दिवसवाले! पोलंडच्या कुठल्या शाळेतले शिक्षक. ओंदीनाला त्यांची भाषा येत नव्हती. तिने म्हातारीकडे बोट दाखवलं, स्वतःच्या डोळ्यांकडे दाखवलं, पुलाकडे, बोटीकडे, आणि दोन्ही हातांनी दाबून दाखवलं. छत्रीवाली मागे वळून काहीतरी ओरडली, आणि बघता बघता अकराही जण बोटीत! नाळेत एकमेकांच्या मांडीवर बसले. एक चांगला धिप्पाड मास्तर तर खुशीत अगदी टोकाला जाऊन आडवा झाला. मी त्यांना आयुष्यभर नावं ठेवली, मला लाज वाटली ते सांगते.

"माना खाली!" तुल्लिओ ओरडला. आम्ही सगळे गुडघ्यात डोकी घालून पुलाखालून गेलो. दगड माझ्या केसांना लागला. पलीकडे निघालो तेव्हा मास्तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या पायऱ्यांवर ते उतरले आणि बोट पुन्हा वर आली.

आमाबिलेचं घर आता पाहुण्यांना भाड्याने देतात. खिडकीत डेन्मार्कचं एक जोडपं कॉफी पीत होतं. ओंदीनाने त्यांना काय सांगितलं देव जाणे, पण त्यांनी पाण्याकडचं दार उघडलं. ओहोटीला या दाराखाली चार शेवाळलेल्या पायऱ्या असतात, तिथे धडधाकट माणूसही घसरतो. आमच्या बेतात आत जाणं नव्हतंच, बोटीतून नुसतं बघायचं होतं. पण पाणी चढत होतं. एक पायरी बुडाली, मग दुसरी. पावणेदोनला बोटीचा काठ उंबऱ्याच्या बरोबरीला आला. तुल्लिओने फळी टाकली आणि लिव्हिओने खुर्ची सरळ आत ढकलली. कुणी तिला उचललं नाही.

स्वयंपाकघर सगळं बदललेलं. पण मोरी तिथेच, खिडकी तिथेच. आमाबिलेने खुर्ची खिडकीशी लावायला सांगितली, ओंदीनाच्या आधाराने संडासाला जाऊन आली, तारली खाल्ली, "व्हिनेगर कमी आहे," म्हणाली, आणि मान तिरकी करून समोरच्या भिंतीकडे बघत बसली. गुलाबी गिलावा, अर्धा उडालेला, आतल्या विटा, एक गंजलेली कडी. मी दहा मिनिटांत कंटाळले.

साडेतीनला ती एकदम म्हणाली, "आता सगळे गप्प बसा."

त्या अरुंद कालव्यात ऊन उतरतच नाही. पण साडेतीनला दोन छपरांच्या फटीतून ते त्या भिंतीवर पडलं. पाण्यावरचा उजेड गिलाव्यावर हलायला लागला, विटांवर, कडीवर, मग आमच्या छतावर आणि म्हातारीच्या चेहऱ्यावर. वीस मिनिटं. डेन्मार्कची बाई रडली. मीही रडले, लपवण्यात काय अर्थ आहे?

"रोज याच वेळी भांडी घासायचे मी," आमाबिले म्हणाली. "सकाळी कधी घासली नाहीत. सासू म्हणायची आळशी."

ओंदीना तिच्यापाशी वाकली. "मग मला मेस्त्रेत सांगितलं का नाहीत? मी साडेतीनचा बेत केला असता."

"लिव्हिओने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. आणखी किती मागायचं माणसाने?"

लिव्हिओ मोरीशी उभा होता. त्याने नळ सोडला आणि उगाचच एक धुतलेला पेला पुन्हा धुतला. साडेचारला तराफा निघाला, आम्ही दुसऱ्या तोंडाने बाहेर पडलो, आणि दुसरी गाडी मिळेपर्यंत तो आईच्या खुर्चीचा दांडा धरून उभा होता. एका अक्षराने कुरकुरला नाही.

आमाबिलेचे डोळे नाताळपर्यंतही थांबले नाहीत, नोव्हेंबरच्या शेवटीच गेले. जानेवारीत लिव्हिओचा बारमध्ये फोन आला, ओंदीनासाठी. मी फोन काउंटरवर ठेवून आवाज मोठा केला.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "आई रोज दुपारी मला किंवा सांभाळणाऱ्या बाईला खुर्ची स्वयंपाकघराच्या भिंतीकडे वळवायला लावते. आमच्याकडे तिथे काही नाही हो, पांढऱ्या फरशा आहेत. गप्प बसते, कुणाला बोलू देत नाही. मग म्हणते, 'गेलं ऊन,' आणि खुर्ची फिरवायला सांगते. डॉक्टर म्हणतात, तिला काळोखाशिवाय काही दिसणं शक्य नाही. मला कळत नाही, काय करू."

ओंदीनाने कप खाली ठेवला. "किती वेळ बसते?"

"मी घड्याळ लावून पाहिलं. वीस मिनिटं. कधी एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही."

"मग काही करू नकोस रे," ओंदीना म्हणाली. "दिसतंय तिला."